भिंतीवरची डोकी

कलादालनाच्या निमंत्रणपत्रिकेवर आमच्या खोलीचं वर्णन ‘श्रमाच्या स्मृतींनी भारलेला अवकाश’ असं छापलं होतं. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर असलेल्या त्या खोलीला आम्ही कधी अवकाश म्हटलं नव्हतं. तिथे पाय पसरायलाही जागा नसायची.

ती आमच्या गावच्या मंडळाची खोली. गिरणीत लागायला कोकणातून आलेले गाववाले तिथे पाळीपाळीने राहात. एकजण कामावर गेला की दुसरा त्याच्या जागी आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी आणि भिंतीला टेकून बसायची एक जागा. जागा ठरलेल्या असल्यामुळे भिंतीवर ओळीने तेलकट डाग पडले होते, खोबरेल लावलेल्या डोक्यांचे. माझे वडील साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, होते. त्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला होता. म्हणून ते दाराजवळ बसत आणि उजवा कान बोलणाऱ्यांकडे करून मान तिरकी ठेवत. बाकीचे डाग गोल होते. त्यांचा लांबट होता, कलता.

संपात गिरणी गेली आणि खोलीही रिकामी होत गेली. गावी गेलेले बरेचजण परतलेच नाहीत. वडील नायगावला माझ्याकडे राहायचे, एका इमारतीच्या फाटकावर राखणीला बसायचे, पण रविवारी खोलीवर जायचेच. ते वारल्यावर रविवारी मी जाऊ लागलो. घरी त्यांचा हार घातलेला फोटो आहे, उसन्या कोटातला. त्यात ते कुणाचंच ऐकत नाहीत असं वाटतं. भिंतीवरच्या डागात ते ऐकत बसलेले दिसायचे.

त्याच वर्षी फोर्टातलं एक कलादालन दुरुस्तीसाठी बंद झालं आणि त्यांना तीन महिन्यांपुरती दुसरी जागा हवी झाली. त्यांना खरं तर गिरणीची शेड पाहिजे होती, पण गिरणीवाले शेडी पाडण्यात गुंतलेले होते. मग कुणीतरी आमची खोली सुचवली. दालनाच्या संचालिका शिवाजी पार्कच्या. जिना चढून आल्या, भिंतीवर तळवा ठेवला आणि देवळात बोलावं तसा आवाज खाली आणला.

“सर, हे असंच राहू दे. प्लीज.” मग आपुलकीने म्हणाल्या, “लहानपणी आमच्याकडे कामाला यायच्या त्या बाईसुद्धा लालबागच्याच होत्या.”

हे नातं सांगून झाल्यावर त्यांनी करार पाठवला. भाड्यातून गावच्या देवळाची कौलं बदलता येणार होती, तेव्हा मंडळ तयार झालं. मंडळ म्हणजे चार म्हातारे. करार इंग्रजीत होता आणि मी दादरच्या एका ग्रंथालयात नोकरीला, म्हणून तो मराठीत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक कलम होतं: भिंती आहेत त्याच स्थितीत राहतील, दोन्ही पक्षांपैकी कुणीही त्यांना रंग, चुना किंवा दुरुस्ती करणार नाही. समोर वडिलांचे साच्यावरचे जोडीदार बसले होते, त्यांना मी काका म्हणतो. कराराचं वाचन म्हणून ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. या लोकांना तुमचा मळ हवा आहे, हे त्यांना कसं सांगायचं? मी ते कलम गाळलं आणि पुढचं वीजबिलाचं वाचलं.

व्हायचं ते झालं. पाहुणे येणार म्हणून चौघांनी गणपतीच्या आधी करतात तशी खोली रिकामी केली, चुन्यात नीळ कालवली आणि एका दिवसात चारही भिंतींना चुना काढला. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा काकांच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या होत्या.

“बघ रे बाबू, कसा लख्ख केला.”

मी दाराजवळ पाहिलं. निळसर पांढरं, सपाट. “छान झालंय, काका,” म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दुसऱ्या दिवशी संचालिकाबाई आल्या आणि एका ट्रंकेवर बसूनच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “तुम्ही इतिहास पुसलात, सर.” वडील गेले तेव्हा मी चारचौघांत इतका शोक केला नव्हता. काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “बाईंचा कोण गेला काय रे?”

त्यावर, ज्याचं प्रदर्शन तिथे भरणार होतं त्या कलाकाराने तोडगा काढला. सिनेमाचे सेट रंगवणारा एक रंगारी बोलावला आणि पिवळी माती, काव आणि डिंकाचं पाणी कालवून भिंतीवर नवे डाग काढून घेतले. एकूण नऊ. सगळे गोल, एकाच उंचीवर, सारख्या अंतरावर, जणू नऊ जुळे भाऊ एकाच दिवशी गिरणीला लागले होते. शेजारी पाटी लागली. पाटीवर कलाकाराचं नाव होतं.

उद्घाटनाला गाड्यांतून आलेली अत्तरं जिना चढली. वाइन होतीच, शिवाय वातावरणासाठी कटिंग चहा ठेवला होता, तो सगळे दोन बोटांत धरून फोटोपुरता पीत होते. जाड्याभरड्या पण महाग कापडातल्या एका गृहस्थांनी काकांना संप म्हणजे काय ते आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत समजावून सांगितलं. संपाच्या दिवसांत ट्रंक विकून गावचं तिकीट काढलेल्या काकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांचे पाय दुखायला लागले, म्हणून ते खाली बसले आणि मागे टेकणार, तेवढ्यात दालनातली एक मुलगी धावत आली.

“अंकल, टेकू नका प्लीज. आर्टवर्क आहे.”

“काय आसा?”

“डोक्यांचे डाग आहेत ते.”

काकांनी वळून नीट पाहिलं. “कोणाच्या डोक्याचे?”

“कुणाच्याच नाही. सिम्बॉलिक आहे.”

“कोणाचेच नाय, तर मगे टेकूक काय झाला?”

ती हसली, पण हात आडवाच ठेवला. काका तासभर ताठ बसून राहिले, परक्याच्या घरी बसावं तसे.

दीडेक महिन्याने दाराजवळच्या पांढऱ्यात एक पिवळट सावली दिसू लागली. तेल चुन्याखाली राहात नाही, हे भिंतीला चुना काढणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पुस्तकं हाताळणाऱ्याला नव्हतं. पुढच्या रविवारी ती स्पष्ट झाली. लांबट, कलती. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. मला पाहून संचालिकाबाई आल्या, त्यांनी कलाकाराला हाक मारली. आपल्याला हे अपेक्षितच होतं, असं तो नम्रपणे म्हणाला.

“सर, हा कुणाचा असेल? तुमच्यातलं कुणी ओळखेल?”

आता लागेल ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर आली. वडिलांचं नाव, गिरणी, बहिरा कान, आणि पेला सावरत ते वाचायला वाकलेली माणसं.

“ओल आहे,” मी म्हणालो. “वरच्या मजल्यावरची मोरी.”

बाई दोन पावलं मागे सरल्या. मला माझ्या हुशारीचं बरं वाटलं, ते प्रदर्शन संपेपर्यंत टिकलं. मग त्यांचा फोन आला: जाता जाता त्या आमच्यासाठी दाराजवळचा ओला गिलावा फोडून तिथे सिमेंट करून देणार होत्या. गवंडी सोमवारी येणार होता.

सोमवारी मी रजा टाकली, मंडळाच्या पत्र्याच्या पेटीतून करार काढला आणि गवंड्याच्या देखत बाईंना ते कलम वाचून दाखवलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही.

“पण सर, चुना तर तुम्हीच लावलात.”

“हो. हे कलम मी त्यांना वाचून दाखवलंच नव्हतं.”

“का?”

“लाज वाटली.”

“कशाची?”

भिंतीला हात लावता येणार नाही, एवढंच मी पुन्हा म्हटलं. भिंतीला त्या नुसत्याच हात जोडत होत्या. कागदाला मात्र खरोखर भीत होत्या. गवंडी छिन्नी गुंडाळून परत गेला. नऊ डाग त्यांनी आम्हाला भेट म्हणून ठेवले.

कलादालन फोर्टात परत उघडलं आणि तिथून जाडजूड गुळगुळीत पुस्तक आलं. त्यात आमची भिंत दोन पानं भरून होती, नऊच्या नऊ डोकी. दाराची बाजू छायाचित्रातून कापली होती. ते मी खोलीवर नेलं तेव्हा काका गणपतीआधीचा चुना कालवत होते. त्यांनी पुस्तक घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि फरशीला डाग पडू नये म्हणून बादलीखाली ठेवलं.

ओला कुंचा फिरताच नऊही डाग विरघळले आणि पिवळे ओघळ जमिनीपर्यंत आले. दाराजवळ मात्र काकांचा हात थांबला.

“ह्येका चुनो लागाचो नाय,” ते म्हणाले. “तुझो बापूस तेल काय कमी थापी?”

तेवढी वीतभर भिंत सोडून त्यांनी पलीकडे कुंचा चालवला. मी काकांच्या टेकून बसायच्या जागेकडे पाहिलं. तिथे काहीच वर आलं नव्हतं.

“तुमचा डाग कुठाय, काका?”

“मी टोपी घालून बसंय,” काका म्हणाले, आणि बादली जवळ सरकवायला सांगितली.