आमच्या यानात धान

रंजू, तू नागपुरात असशील, पण हे वाचताना माझ्याजवळ बसली आहेस असं समज, आणि आधी तो मोबाईल पालथा ठेव. आमच्या घरी एक अंतराळयान आहे आणि त्यात वीस पोती धान भरलेलं आहे. एवढीच गोष्ट. पण तू ती फोनवर अर्धी ऐकलीस आणि ‘मामीचं डोकं फिरलं’ म्हणून साऱ्या नातेवाइकांत वाटत सुटलीस. लाज नाही वाटली? डोकं फिरलं होतं, नाही म्हणत नाही, पण ते रागानं फिरलं होतं. राग कोणाचा, कशाचा, हे विचारायला तुमच्यापैकी एकानंही फोन केला नाही. म्हणून आता पूर्ण ऐक.

सुरुवात गुलाबभाऊंनी केली. गुलाबभाऊ म्हणजे आमच्या गावच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते आणि मंडईला नाटक ठेवलं नाही तर सोयरे पुढच्या वर्षी येत नाहीत, हे तुला माहीत आहे. यंदा नाटक निवडलं ते चंद्रावरून परत येणाऱ्या मुलीचं. भाऊ आमच्या अंगणात माझाच चहा पीत सांगत होते, की वडशाच्या पेंटरकडून पडद्यावर यानाचं चित्र काढून आणू. मी म्हटलं, चित्रातून पोरगी उतरणार कशी? खरं यान करा, माणूस बसेल एवढं. तर भाऊ हसले.

“ते बाईमानसाचं काम नोहे, वहिनी. त्याले इंजिनेर लागते.”

बस. तिथंच माझं रक्त तापलं. अगं, मी चौथी शिकलेली असेन, पण दुपारी भांडी आटोपल्यावर टीव्हीवर हिंदीत बोलणाऱ्या गोऱ्या लोकांचे जेवढे अंतराळाचे सिनेमे लागले, तेवढे सगळे मी पाहिले आहेत. वर जाताना यान सुईसारखं असतं आणि खाली येताना उपड्या मडक्यासारखं, हे त्या भाऊंना माहीत तरी होतं का? मी सांगून टाकलं, की यान मी करीन, एकटी करीन, आणि मंडईपर्यंत झालं नाही तर जन्मात मंडळाच्या कामात नाक खुपसणार नाही. भाऊंनी कप खाली ठेवला आणि चार लोकांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, ठरलं.

मोबाईलवर एका सिनेमात एक बाई एकटी यानात बसून पृथ्वीवर येते. हुबेहूब तेच यान करायचं ठरवलं. चित्र थांबवलं आणि बोटांनी मोजलं. ती बाई भरली दीड बोट, यान अडीच बोटं. ती बाई माझ्याएवढी, म्हणजे तीन हात धरली (ती जरा बारीक होती, पण हिशेब सोपा होतो) आणि यान आलं पाच हात. एवढं उंच पडवीच्या छपराला लागलं असतं, म्हणून चार हातांवर आणलं. तेवढी एक तडजोड केली, दुसरी नाही.

बांबू फोडले, कमच्या काढल्या, पडवीत जुन्या लुगड्यांचा आडोसा केला आणि आत बसून विणायला लागले. दहाही बोटं चिरली. ती सिनेमातली बाई वरच्या झाकणातून बाहेर निघते, म्हणून वर तोंड ठेवलं आणि झाकण केलं. खाली तिच्या यानाला हवेचं भोक होतं, म्हणून तिथं वीतभर खिडकी ठेवून तिला बोळा बसवला. विणीतून उजेड दिसत होता, सिनेमातलं यान तर गुळगुळीत, म्हणून आतून-बाहेरून शेण-मातीचा लेप दिला. वरून चंदेरी रंग दिला की झालं!

आता तुला हसू येत असेल. मला तेव्हा काही दिसलं नाही. बावीस दिवस मी नुसतं यान पाहत होते.

तुझ्या मामाजींना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की आडोशाच्या आत डोकावायचं नाही, तुम्हाले समजणार नाई. (हे वाक्य लक्षात ठेव. याच वाक्यानं घात केला.) आणि तो माणूस खरंच डोकावला नाही. संसारात माझं एवढं एकच बोलणं त्यांनी ऐकलं, तेही नको तिथं.

नाटक परवावर आलं. मी सकाळच्या गाडीनं वडशाला गेले, चंदेरी रंगाचा डबा आणि लाल बल्ब आणायला. आणि नेमका त्याच दिवशी आमच्या खळ्यावर मळणीच्या मशिनचा नंबर लागला. मशिनवाला काही थांबत नाही. दुपारपर्यंत धान ट्रॉलीनं अंगणात येऊन पडलं, वर आभाळ भरून आलेलं. धान ठेवायची आमची जुनी बांबूची ढोली उंदरांनी खाऊन चाळणी केलेली, ती गोठ्यात पडून होती. मामाजी पोती ठेवायला कोरडी जागा शोधत पडवीत आले आणि त्यांनी लुगडं बाजूला केलं.

समोर नवी कोरी ढोली. बांबूची, सारवलेली, वाळलेली. वर धान ओतायला तोंड, खाली धान काढायला बोळा लावलेली खिडकी!

मी तीन वाजता परत आले तर दारात अर्धी आळी उभी. माझ्या यानाच्या खिडकीवर हळदी-कुंकवाची पाच बोटं. शेजारीण मला म्हणते, बाई, तुमच्या हाताले सोनं लावाव. आणि तुझे मामाजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ढोलीशेजारी, म्हणजे यानाशेजारी उभे. डोळे ओले.

“काऊन नाई सांगतलं व मले? एकटीनं एवढी ढोली इनली. हात पाहू तुहे.”

“कोन्ती ढोली?”

“हेच. मले समजणार नाई म्हनलं होतं ना तूनं? मले समजलं.”

मग जे तोंड सुटलं माझं! रंगाचा डबा आपटला, कोंबड्या पळाल्या, शेजारीण कुंकवाच्या करंड्यासकट मागं सरली. हे यान आहे, चंद्रावरून येणारं यान आहे, असं मी ओरडून सांगितलं. मामाजींनी त्याला एक पूर्ण चक्कर मारली आणि अगदी हळू विचारलं, मग वर तोंड काऊन ठेवलं? मी म्हटलं, बाई तिथून निघते. आणि खालची खिडकी? हवेले. ते म्हणाले, हवा तर धानालेबी लागते.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता रिकामं करा, सकाळी भाऊ ट्रॅक्टर घेऊन येणार. तर तो माणूस जागचा हलला नाही.

“भरल्या ढोलीतून सात दिवस दाना काढत नाई.”

“कोनं सांगतलं?”

“तूनंच.”

खरं होतं. तो नियम मी माझ्या माहेरून आणलेला. दोन वर्षांमागे त्यांचा सख्खा भाऊ अहेरीहून आला होता, तेव्हा यांनी घरच्या नव्या धानाचा भात मागितला म्हणून मी या माणसाला भावासमोर फाडून खाल्लं होतं आणि सात दिवस दुकानचा तांदूळ शिजवला होता. त्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला. दोन वर्षं त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि बोलले ते आज!

मी तरी खिडकीसमोर बसले, बोळा ओढायला. सगळी आळी बघत होती. धान काढलं तर या नवऱ्यासमोर हरले, नाही काढलं तर त्या गुलाबभाऊंसमोर. हात खिडकीपर्यंत गेला, पण कुंकू अजून ओलं होतं. हात मागं आला. नवऱ्याचा राग, मशिनवाल्याचा राग, आभाळाचा राग (एक थेंबही पडला नाही शेवटी), आणि सगळ्यात जास्त माझ्या या जिभेचा राग.

सकाळी ट्रॅक्टर दारात. गुलाबभाऊ गालातल्या गालात हसत विचारतात, वहिनी, कुठी हाय यान? मी पदर खोचून उभी, तोंड उघडलं तर शिव्याच निघाल्या असत्या. तेवढ्यात मागून मामाजी बोलले. आयुष्यात कधी मध्ये न बोलणारा माणूस!

“इथी गोठ्यात हाय हिचं यान. रंग तेवढा बाकी हाय.”

आणि बोट दाखवलं त्या उंदरांनी खाल्लेल्या ढोलीकडे.

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर पळाला असता. पण माझी लाज राखायला खोटं बोलले होते ना. घेतला डबा आणि रागारागानं रंग फासला. वासराची शेपटी चंदेरी झाली, तिकडंही लक्ष दिलं नाही. तासाभरात ढोली चमकायला लागली. मग आत लाल बल्ब लावला.

काय सांगू तुला! उंदरांच्या शंभर भोकांतून उजेडाच्या शंभर काड्या बाहेर आल्या. गोठ्याच्या भिंतीवर लाल चांदण्याच चांदण्या. गुलाबभाऊंनी एका भोकात बोट घालून पाहिलं.

“वहिनी, एवढी भोकं पाडली कशी?”

मामाजी छपराकडे पाहायला लागले.

“मोबाईलमंदी पाहून,” मी म्हटलं.

नाटकात ते यान दोरानं खाली आलं तेव्हा सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. तळही उंदरांनी खाल्लेला होता, त्यामुळे चंद्रावरची पोरगी खालून सरळ चालत बाहेर आली. भाऊंनी माईकवर माझं नाव घेतलं आणि म्हणाले, असं बारीक काम शहरातल्या इंजिनेरले जमणार नाई. बावीस दिवस बोटं चिरली मी, आणि टाळ्या मिळाल्या उंदरांच्या दातांना. माझं खरं यान पडवीत उभं आहे. मामाजी रोज त्यावर थाप मारतात आणि सांगतात, एक उंदीर आत गेला नाई. मला अजून राग येतो.

तेव्हा बाई, नातेवाइकांत काय वाटायचं ते हे सगळं वाट. आणि लवकर ये. होळीपर्यंत धान कमी होईल, मग तुला आत बसवते, म्हणजे कोणीतरी एकदा त्याला यान म्हणेल. फक्त येताना तुझी ती मांजर आणू नको. शेजारच्या गावच्या मंडळानं पुढच्या वर्षासाठी तशीच भोकांची दोन यानं सांगितली आहेत, आणि त्यासाठी मी आमची मांजर आधीच बहिणीकडे पाठवून दिली आहे.