शेजारच्या खाटेवरची लाली

सिस्टरनं माझ्या अंगावरची चादर ओढली. खोलीचं दार सताड उघडं. दारात शेजारच्या बाईला भेटायला आलेले दोन पुरुष उभे. सिस्टरनं आणि माझ्या सुनेनं मला जराशी कुशीवर कलती केली, गाऊन वर सरकला, आणि मी म्हातारी बाई त्या परक्या पुरुषांकडं उघडी पाठ करून पडले. सिस्टर वाकली. लांबूनच बघितलं. हात लावला नाय.

"काही नाही. लाल दिसत नाही कुठं."

"आग होतीय, बाई. माकडहाडावर. निखारा ठेवल्यागत."

"मावशी, तू कष्टाची बाई. तुझं कातडं जाड आहे. तुला काही होत नाही."

चादर टाकली अन् ती शेजारच्या खाटेकडं वळली. तिथं मात्र आधी पडदा ओढला. सर्रर्र. आडून आवाज आला. आवाज तोच, पण पाकात बुडवून काढलेला. "काकू, पाणी कोमट आहे ना? वळवू का तुम्हाला? हळूच हं."

ती काकू, ती तुम्ही. मी मावशी, मी तू. दवाखान्यात फरशी पुसणारीलाही मावशीच म्हणतात, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

लई जळले मी. खोटं कशाला बोलू?

दवाखान्याचं नाव घेत नाय. शहरातला मोठा दवाखाना, नर्सिंगचं कॉलेजही त्यांचंच. दोन खाटांची खोली. आम्हा दोघींचं मोडलेलं सारखंच, खुब्याचं हाड. ती संगमरवरी बाथरूमात घसरली, मी मुकुंदवाडीत घरापुढं पाण्याचा ड्रम सरकवताना पडले. दोघींची साखर वाढलेली, म्हणून दोघींचं ऑपरेशन लांबलेलं. दोघींच्या पायाला वजन लटकवलेलं, अन् दोघी उताण्या. मोडताना हाडानं काय बघितलं नाय, कुणाला बागायत हाय अन् कुणाला मेंढरं.

माझी मेंढरंच होती. शेंद्र्याकडच्या रानात माझा जन्म गेला. आता त्या रानात कंपन्या हायेत, अन् माझं पोरगं तिथंच कामाला. त्याच्या कंपनीच्या विम्याच्या कार्डावर मला ही खोली मिळाली. शाळेचं तोंड मी बघितलं नाय, पोराच्या पुस्तकांवरून अक्षरं जुळवायला शिकले. एवढंच माझं शिक्षण.

शेजारची बाई वाईट नव्हती. गोरीपान, लोण्याच्या गोळ्यागत. पोरं मोठ्या नोकऱ्यांत. बडबडी, माझ्याहूनही. दिवसभर गप्पा चालायच्या आमच्या.

"तुझं बरं हाय बघ," ती म्हणायची. "तुला कुठंबी झोप लागती. मला तर चादरीची सुरकुतीबी टोचती."

"मलाबी टोचती की."

"जा गं! रानात दगडावर झोपलेली तू."

ती हसायची. मीबी हसायची. अन् मग पडदा सर्रर्र व्हायचा, अन् मी पडद्याकडं बघत पडायची.

एक दिवस सकाळी पडद्याआडून सिस्टर ओरडली, "अगं बाई! काकूंना लाल झालंय!" पडून पडून पाठीला जखम व्हायच्या आधीची लाली ती. काय ती धावपळ! मोठ्या सिस्टर आल्या. हवेची गादी आली, भिंतीला वायर लावली, गादी फुगली. तिच्या पोटरीखाली उशी गेली, म्हणजे टाच अधांतरी राहावी, गादीला घासू नये. दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन तिला इकडून तिकडं कलती करायचं. चादर ताणून सरळ करायचं. अंग कोरडं ठेवायचं. सेवा म्हणजे काय असती ती मी तिथं बघितली. पडद्याच्या फटीतून सगळी बघितली. शेजारच्या खाटेवर.

त्या गादीची मोटार दिवसभर घुर्र घुर्र करायची. मला वाटायचं, बंद पडावी. लाईट जावी. एखादी सुई टोचावी अन् फुस्स व्हावी गादी. असं वाटलं मला, अन् वाटलं त्याची लाज नाय.

मी रोज सांगत होते. आग होतीय. सिस्टर रोज वाकायची. "लाल नाही, मावशी. उगाच काकूंचं बघून मागू नको."

एका दुपारी मी चादरीखाली माझ्याच दंडाला चिमटा घेतला. जोरात. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग हात बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला. कायच नाय. काळ्यावर लाल उमटतंय व्हय? लहानपणी काळी म्हणून हिणवलं. लग्नात नवऱ्याकडचे काळी म्हणून अडून बसले. सगळं सोसलं. पण कातडं काळं असलं की आतलं दुखणंबी कुणाला दिसत नाय, हे मला त्या दुपारी कळलं. तिच्या बागायतीचा मला हेवा नव्हता. हातातल्या सोन्याच्या पाटल्यांचा नव्हता. मला हेवा वाटला तिच्या पाठीवरच्या त्या लाल डागाचा. कशाचा हेवा करावा लागला बघा माणसाला!

मग चादर चिकटली.

सून मला कलती करत होती, अन् चादर सुटंना. ओली झालेली. वास येत होता. सून पांढरीफटक. "आत्याबाई... इथं तर खड्डा पडलाय."

मोठे डॉक्टर आले. सिस्टरवर चिडले. "लाल कसलं शोधता? अशा कातडीवर लाल दिसत नसतं. हात लावायचा. गरम लागतं, टणक लागतं, नाहीतर मऊ पडलेलं लागतं. आणि पेशंटला विचारायचं." बरोबर बोलले. पण माझ्या डोक्यावरून बोलले, टेबलाबद्दल बोलावं तसं. विचारायचं म्हणाले अन् स्वतः विचारलं नाय. गेले.

जखम झाली, तेव्हा हवेची गादी आली. आता दोन मोटारी घुरघुरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या मॅडम शिकाऊ पोरींना घेऊन आल्या. माझ्या खाटेभोवती पांढरा घोळका. दार उघडंच. मॅडमनी कुणाला काय न विचारता माझी चादर धरली, एका पोरीनं मोबाईल वर केला, फोटोसाठी.

मॅडम म्हणाल्या, "नीट बघा. ही बेडसोरची केस. पेशंटची स्किन डार्क होती, त्यामुळे वेळेत लक्षात आलं नाही."

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. आयुष्यभर रंगावरून बोलणी खाल्ली, अन् आता यांच्या चुकीचा दोषबी माझ्या रंगावर! मी चादर दोन्ही हातांनी पकडली.

"सोडा."

"मावशी, पोरींना शिकायचंय. सहकार्य करा."

"कातडं काळं होतं, मॅडम. तोंड मुकं नव्हतं. रोज सांगत होते मी. रोज."

सुनेनं माझा खांदा दाबला. कानाशी आली. "आत्याबाई, गप बसा ना. ड्रेसिंग यांच्याच हातात हाय."

खरं होतं तिचं. उठता येत नाय, हागायमुतायला दुसऱ्याचा हात लागतो. अशा माणसानं भांडावं कुणाशी? पण मग कधी भांडावं?

मॅडम तिरसट झाल्या. "सांगतात सगळेच पेशंट. आम्ही काय काय बघायचं?"

"त्या बाईंनी कुठं सांगितलं होतं? त्यांचं न सांगता बघितलं ना?" मी शेजारी बोट दाखवलं.

शेजारची उसळली. "मला कशाला मधी ओढती गं? मी तुझं काय खाल्लं?"

"काय नाय खाल्लं. तुमचं तुम्हाला मिळालं. माझं मला मिळालं नाय. तेवढंच म्हणते मी."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी त्या पोरींकडं बघितलं. माझ्या नातीच्या वयाच्या. म्हणलं, "शिकायचं असंल तर शिका, पोरींनो. पण आधी पडदा ओढायचा. माझं नाव विचारायचं. मग मला विचारायचं, बघू का. अन् मी हो म्हणले तर डोळ्याच्या आधी हात लावायचा. एवढं येत नसंल तर माझ्या पाठीवर तुम्हाला बघण्यासारखं काय नाय. अन् तो मोबाईल खाली कर, बाळा."

पोरीनं मोबाईल खाली केला. मॅडम म्हणाल्या, "चला, दुसरी केस बघू." घोळका निघून गेला. नाव कुणी विचारलं नाय.

त्या दिवशी ड्रेसिंगला लई उशीर झाला. पट्टी ओढली तीबी खस्सकन. मी ओठ चावला, आवाज काढला नाय. दुसऱ्या दिवशी सिस्टर आली, चादरीला हात घालणार, तर मी चादर धरून ठेवली. म्हणलं, "पडदा." ती थांबली. मीबी थांबले. माझ्याकडं वेळच वेळ होता, खाटेवरून कुठं जाणार? शेवटी तिनं पडदा ओढला. गोड बोलली नाय. मला गोड नकोच होतं.

तिसऱ्या दिवशीबी मला म्हणावंच लागलं. चौथ्यालाबी. आपणहून तिनं कधीच ओढला नाय, शेवटच्या दिवसापर्यंत.

ऑपरेशन झालं, घरी आले, काठीवर चालते. जखम भरायला लई महिने गेले. बायका येतात बघायला, म्हणतात, "झालं गेलं सोड आता. या वयात कुणाचा मत्सर करावा? मन नासतं."

नासू दे. शेजारी ती खाट नसती, तर मला वाटलं असतं की दवाखाना असाच असतो, म्हातारपण असंच असतं, आपल्या पाठीची आग ही आपलीच. तिचं बघून जळले म्हणून मला कळलं, की पडदा असतो, उशी असते, हात असतो. अन् ते सगळं त्याच खोलीत होतं. हेवा नसता तर मी आजबी मुकाट पडले असते.

आता डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, मोतीबिंदू. पोरगं म्हणतं, "आई, दुसरीकडं जाऊ. अन् या वेळी एकटीची खोली घेऊ, कुणाचा ताप नको."

मी म्हणलं, नाय. तिथंच जायचं. अन् एकटीची खोली मला नको. शेजारी खाट पाहिजे, अन् खाटेवर बाई पाहिजे. तिला काय काय देतात, ते मला बघायचंय.