सागबोची बाहुली

अकुआवी म्हणजे काही गरीब गाय नव्हे. बाजारात ती ताडाचं लाल तेल विकायला बसली आणि मापाबद्दल कुणी ब्र काढला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण तिच्या जुळ्या मुलांतला सागबो गेला आणि बाईचा आवाजच बसला. राजाच्या शिपायांनी त्याला भर शेतातून उचलून उइदा बंदरावर नेलं, गोऱ्यांना विकलं. जहाज सुटलं, त्यातून तोही गेला.

मागं राहिला झिन्सू. तो चटईला खिळला, अन्नाला शिवेना. गावाला यावरचा उपाय ठाऊक होता. जुळ्यांतला एक मेला की त्याची लाकडी बाहुली करायची, तिला न्हाऊ घालायचं, पहिला घास तिला आणि मग उरलेल्याला. नाहीतर गेलेला त्यालाही ओढून नेतो. पण अकुआवी ऐकेल तर शपथ.

"बाहुली मेलेल्याची करतात, मामा," ती म्हाताऱ्या सुताराला, अग्बोसूला म्हणाली. "माझं पोर जितं आहे."

"त्या जहाजातून कोण परत आलंय, पोरी?"

"आला नाही म्हणजे मेला होय? राजाला काय, बंदुका मिळाल्या."

"बंदुका नसत्या तर शेजारच्या राज्यानं आपल्यालाच विकलं असतं. आणि बंदुकीच्या बदल्यात गोरा माणसंच मागतो. इकडं आड, तिकडं विहीर."

"मग त्या विहिरीत माझंच पोर का?"

म्हाताऱ्यानं पुन्हा लाकूड तासायला घेतलं.

संध्याकाळी झिन्सूनं पेजेचं वाडगं दूर सारलं. "आई, तो जिता असेल तर तिकडं साखळीत मार खात असेल गं. मेला असेल तर बाहुलीत येऊन इथं माझ्याजवळ राहील. दे ना बाहुली करून."

एकाला जगवायचं तर दुसऱ्याला आपल्याच तोंडानं मेला म्हणायचं. असा पेच वैऱ्यावरही येऊ नये.

ती उठून अग्बोसूच्या दारात गेली. "करा," एवढंच म्हणाली.

वीतभर बाहुली आली. अकुआवीनं तिला न्हाऊ घातलं, तेल चोळलं, शिजवलेल्या चवळीचा घास तिच्या ओठांना लावला. मग झिन्सूनं तोंड उघडलं आणि वाडगं चाटूनपुसून साफ केलं. शेजारणी म्हणाल्या, "सुटलीस बाई."

अकुआवीनं मात्र बाहुली उराशी धरून हंबरडा फोडला. सागबोला नेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं. जित्या लेकरासाठी कुठली आई गळा काढते?