मामांचे सीडी ड्राइव्ह

आमच्या मामांना, म्हणजे माझ्या बायकोच्या मामांना, खाली बसलेलं निपाणी ते बेळगाव पट्ट्यात कुणी पाहिलेलं नाही. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली. गाडी रिकामी असली तरी हे आपले दांडीला धरून उभे. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, उभं राहणं सुटलं नाही. जेवतात उभ्यानं, पेपर वाचतात येरझाऱ्या घालत, आणि पंगतीत बसवलं तर मीठ वाढायला म्हणून उठतात ते परत येतच नाहीत. 'बसलं की गंजतंय माणूस,' हे ठरलेलं उत्तर.

अलीकडे त्यांनी कॉम्प्युटरचे जुने सीडी ड्राइव्ह जमवायचा सपाटा लावला होता. आज निपाणीचा भंगारवाला, उद्या बेळगावच्या कॅम्पातला बंद पडलेला सायबर कॅफे, परवा खानापूर. घरात झाकण काढलेला एक कॉम्प्युटर आणि भोवती ड्राइव्हची उतरंड. पाहुण्याला पाण्याआधी व्याख्यान मिळायचं. त्याच्याच पुढ्यातली ताटली उचलायची, कधी कधी चिवड्यासकट, ती गरगर फिरवायची आणि खालून बॅटरीचा झोत मारायचा. 'जावईबापू, ही तबकडी. किरण चकाकीवर पडला की परत येतोय, काळ्या ठिपक्यावर पडला की न्हाय. आला, न्हाय आला, एवढंच बघतंय ते. त्यातनंच चित्र, त्यातनंच आवाज! आणि लई गंमत म्हंजे ह्ये आतनं भायेर वाचतंय. आपण दारातनं देवघरात जातोय, ह्यो गडी देवघरातनं दाराकडं!'

आम्ही हसायचो, पण त्यांची धावपळ खरी होती. माझ्या लग्नाची एकुलती एक सीडी सासूबाईंच्या कपाटात होती. मामांनी एकदा घाईघाईत तिथल्या मूठभर सीड्या उचलल्या आणि कोगनोळीच्या शेतात, जोंधळ्यावरची पाखरं उडवायला टांगल्या. नाव वाचायला थांबायला हवं ना! वाऱ्यानं तुटू नयेत म्हणून प्रत्येकीच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी, जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या मात्र आठवणीनं लावल्या. पुढं सासरे गेले. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, 'लग्नाच्या सीडीत ह्यांचा आवाज हाय. एकदा ऐकवा रं.' तेव्हा सीडी सापडली ती शेतात, उन्हानं पांढरी पडलेली. आक्का, म्हणजे त्यांची ही बहीण, रागावली असती तर मामांना बरं वाटलं असतं. तिनं ती सीडी पदरानं पुसली आणि परत कपाटात ठेवून दिली. तेव्हापासून, एखाद्या ड्राइव्हची नजर अजून चांगली असेल, म्हणून हे वणवण फिरत होते.

गेल्या महिन्यात आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो असताना एका कळकट ड्राइव्हनं ती सीडी घेतली. घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. रबराखालचा मधला भाग तेवढा उन्हातून वाचला होता, आणि वाचन सुरू होतं तेही तिथूनच. पडद्यावर मांडवाचं दार आलं. फेटा बांधलेले सासरे उभे, आणि त्यांच्यापुढून सारखी इकडून तिकडं जाणारी मामांची पाठ. सासऱ्यांचा आवाज आला, अगदी स्पष्ट. 'आरं, बस की रं जरा! सकाळपासनं नुसता पळतोयास.'

चित्र तिथंच गोठलं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता रडल्या. मामा कॉम्प्युटरजवळ उभे होते.

'व्हय दाजी,' ते हळूच म्हणाले, आणि खाली बसले.

चहासुद्धा त्यांनी बसूनच घेतला. आयुष्यभर ज्यांना बसा बसा म्हणत आलो, त्यांना तसं भिंतीला टेकलेलं मला बघवेना. मी म्हणालो, 'मामा, जरा साखर आणता का?' ते काही उठले नाहीत.