गेटाबाहेरचं पथक

लातुरात रविवारी सकाळी मैदानावर पोरं गोळा करायची म्हणजे क्लासवाल्यांच्या तोंडचा घास काढून घ्यायचा. मी तो गेली कैक वर्षं काढते आहे आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. इथं पोरगं आठवीत गेलं की त्याचा रविवार त्याच्या मालकीचा राहत नाही. सकाळी टेस्ट, दुपारी टेस्टची चिरफाड, संध्याकाळी पुढच्या टेस्टची तयारी. त्यातून दोन तास आम्हाला द्या म्हटलं की आईबाप असे बघतात, जशी काही मी किडनी मागितली आहे.

माझं माहेर नांदेडचं. वडील रेल्वेत होते. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर मी गळ्यात स्काउट-गाइडचा स्कार्फ बांधून दोराच्या गाठी मारायला शिकले, आणि लग्न होऊन लातूरला आले तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर ते खूळही घेऊन आले. सासऱ्यांची मोंढ्यात धान्याची आडत. रोज लिंगपूजा करून, कपाळाला भस्म लावून घराबाहेर पडणारा माणूस. सुनेनं भर मैदानात शिट्टी फुंकणं त्यांना पटलं नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांनी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मला सांगितलं, मी मान हलवली आणि रविवारी शिट्टी गळ्यात अडकवून निघाले. हा क्रम आमच्याकडे बरीच वर्षं चालला. पुढं सगळेच कंटाळले.

पथक चालवायला माझ्याबरोबर एक मामा आहेत. माझे सख्खे नव्हेत, सगळ्या पोरांचे. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. पोरांना तंबू ठोकायला, चूल मांडायला, सायकलचं पंक्चर काढायला ते शिकवतात. प्रतिज्ञा, प्रथमोपचार आणि आईबापांशी भांडण ही खाती माझ्याकडं. आम्हा दोघांना याचं काही मिळत नाही. हे सांगितलं की लोकांना आमचा संशयच जास्त येतो. काही आईबाप नववीच्या तोंडावर येतात आणि विचारतात, मॅडम, याचे दहावीला जादा मार्क मिळतात म्हणे, ते डायरेक्ट नाही का मिळत, दर रविवारी यावंच लागतं का.

पोरं मात्र अस्सल. पथकातल्या प्रत्येक तुकडीला, म्हणजे संघाला, एखाद्या प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव द्यायचं असतं. पुस्तकात वाघ, सिंह, गरुड सुचवलेले. आमच्यातल्या एका संघानं ते सगळे बाजूला सारले आणि नाव घेतलं देवणी. वाघ कुणी बघितलाय, देवणी बैल आमच्या आज्याच्या गोठ्यात हाय, असं त्यांचं म्हणणं. मला ते इतकं पटलं की वरून आलेल्या तपासणीस बाईंशी मी त्या नावासाठी वाद घातला आणि जिंकले.

आम्ही भरायचो एका खाजगी शाळेच्या मैदानावर. शाळेच्या सचिवांनी ते फुकट दिलं होतं आणि याचा उल्लेख ते भेटतील तिथं करायचे. फुकटचं मोल दुसऱ्या रीतीनं वळतं व्हायचं. शाळेत कुणीही पाहुणा आला, पाण्याच्या टाकीचं उद्घाटन असो की कुणाचा वाढदिवस, सचिवांचा निरोप यायचा: गणवेशातली पोरं पाठवा. गेटापासून स्टेजपर्यंत दोन रांगा, पाहुणे आले की टाळ्या, सलाम, पाकळ्या. पोरांना या कामाचा मनापासून कंटाळा होता आणि मला संताप. पण नळ, संडास, तंबू मारायला मोकळी जागा, सगळं त्या कुंपणाच्या आत होतं.

मग एका मार्चमध्ये पाहुण्यांना यायला उशीर झाला. ऊन चढत गेलं. रांग मोडू नका म्हणून शाळेचे शिक्षक फिरत होते. आमची एक मुलगी उभ्याउभ्या खाली कोसळली आणि तिचं कपाळ फुटलं. मी आणि मामांनी तिला उचलून वर्गात नेलं. सचिव दारातून डोकावले आणि म्हणाले, सकाळी पोरीनं खाल्लं नसंल काही. एवढं बोलून ते रांगेतली मोकळी जागा भरायला सांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. ओरडायचं नाही असं ठरवून गेले होते आणि ओरडले नाही. मी म्हटलं, तुमच्या कार्यक्रमाला आम्ही पाणी देऊ, गाड्या लावून देऊ, म्हाताऱ्या माणसांना हात धरून खुर्चीवर नेऊ, प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसू. सांगाल ते काम करू. पण पोरं शोभेला उभी राहणार नाहीत. सचिव हसले. स्काउट म्हणजे शिस्त ना बाई, असं त्यांनी मला शिकवलं. मी म्हटलं, कुंड्या मांडून ठेवा, त्या अजिबात हलत नाहीत. त्यानंतर ते हसले नाहीत. पुढच्या रविवारी गेटाला नवं कुलूप होतं.

त्या सकाळी पोरं गणवेशात येऊन गेटासमोर थांबली. मला रडू येत होतं, ते रागाचं होतं. मामांनी गेटाच्या गजांतून आत बघितलं, रस्त्यापलीकडचा कडुलिंब बघितला आणि म्हणाले, "ताई, यष्टी बंद पडली तर पाशिंजर घरी जात न्हाईत. उतरून ढकलतेत." लिंबाखाली आम्ही काठ्या बांधून झेंड्याचा खांब उभा केला आणि पथक तिथंच भरवलं. येणारेजाणारे ॲटोवाले थांबून बघायचे. संडास नव्हता, म्हणून मुलींसाठी मी शेजारच्या दोन घरांत जाऊन हात जोडले. नळ नव्हता, म्हणून प्रत्येक संघ घरून पाण्याचा जार आणायला लागला. रस्त्यावर बसून पोरगी काय शिकणार, असं म्हणत काही आईबापांनी पोरं काढून घेतली. मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. काही परत आली, बरीच नाही आली. पथक निम्म्यावर आलं. असंच चाललं तर पावसाळ्यापर्यंत ते मोडेल, हे मला दिसत होतं. मैदान परत मिळणं हाच एक उपाय होता आणि त्यासाठी सचिवांची माफी मागायची होती. तसा निरोप त्यांनी दोनदा पाठवला. दोन्ही वेळा मी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही लिंबाखाली जमलो तर समोर शाळेत मांडव पडलेला. नांदेडहून कुणी मोठे साहेब येणार होते. गेटापासून दोन रांगा उभ्या होत्या आणि रांगेतल्या पोरांच्या गळ्यात स्कार्फ होते. शाळेतलीच पोरं, दुकानातून आणलेले स्कार्फ, मफलरसारखे गुंडाळलेले. आमची पोरं गजांना नाक लावून बघत हसत होती. मी त्यांना गप्प केलं. रांगेतली पोरं लहान होती, पाचवी-सहावीची, आणि ऊन आत्ताच पाठीला चटके देत होतं.

गाडी आली, शिपायानं ती आत घेऊन गेटाला पुन्हा कुलूप घातलं. साहेब उतरले, रांगेतल्या पहिल्या पोराकडं गेले आणि त्यांनी डावा हात पुढं केला. स्काउट एकमेकांना डाव्या हातानंच भेटतात, जगात कुठंही जा. म्हणजे साहेब लहानपणी आमच्यातलेच होते. पण त्या पोराला हे कोण सांगणार. आपल्याकडं डावा हात पुढं केला तर घरात फटका बसतो. पोरगं त्या हाताकडं बघत राहिलं, मग त्यानं आपला उजवा हात पुढं केला, मग तो मागं घेतला. दुसऱ्यानं नमस्कार केला. तिसरं खाली वाकून साहेबांच्या पाया पडलं. साहेबांनी त्याला काही विचारलं, त्यानं आपल्या वर्गाच्या बाईंकडं बघितलं. साहेब वळून सचिवांशी बोलले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण सचिवांचा चेहरा आम्हाला गजांतून वाचता आला.

ते जवळजवळ पळतच गेटापर्यंत आले, स्वतःच्या हातानं कुलूप काढलं आणि मला म्हणाले, "बाई, पोरं आत घ्या. साहेब खरं पथक कुठंय म्हणून विचारायलेत. झालं गेलं सोडा. मैदान आजपासून तुमचं, मी शब्द देतो."

खरं सांगते, मी पाघळले. नळ दिसला, संडासाचं दार दिसलं, गेलेली पोरं परत येताना दिसली. तोंडातून हो निघणारच होतं. पण आमच्यात एक रीत आहे. पथकाचा मोठा निर्णय मानसभा घेते. मानसभा म्हणजे प्रत्येक संघाचा नायक, तेरा-चौदा वर्षांची पोरं. मोठ्यांनी तिथं सल्ला द्यायचा, मत द्यायचं नाही. ही रीत मी नांदेडला शिकले आणि इथं कधी मोडली नाही. मी सचिवांना म्हटलं, जरा थांबा, संघनायकांना विचारते.

साहेब उन्हात थांबलेत आणि तुम्ही पोरांना विचारणार, असं सचिव पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी मागं सरकून उभी राहिले. नायक लिंबाखाली उकिडवे बसले. मला भीती वाटत होती की ते हो म्हणतील, आणि तेवढीच भीती की नाही म्हणतील. गेले कितीतरी रविवार ती रस्त्यावरची धूळ खात होती. त्यांना मैदान हवं असेल तर त्यांचं काय चुकलं?

देवणी संघाची नायक ही नववीतली मुलगी. तिचे वडील मोंढ्यात हमाल आहेत आणि ती बोलायला लागली की वडिलांसारखाच खणखणीत आवाज लागतो. सगळ्या नायकांचं ठरलं तशी ती उठून सरळ सचिवांपुढं आली.

"सर, ती पोरं कवाची उन्हात उभी हायत. आधी त्यायला सावलीत बसवा, पाणी द्या. मग आम्ही येताव."

सचिव म्हणाले, बसवू, कार्यक्रम झाला की लगेच बसवू.

"न्हाई," ती म्हणाली. "आधी."

सचिवांनी माझ्याकडं बघितलं. तिला दोन शब्द सांगा, असा त्या बघण्याचा अर्थ. मी म्हटलं, इथं माझं मत चालत नाही. ते म्हणताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. आयुष्यात फार कमी वेळा कुणाचं ऐकून इतकं बरं वाटलं आहे.

सचिव काही बोलायच्या आत तिनं जार उचलला. बाकीच्या नायकांनी आपापले उचलले. गेट उघडंच होतं. आमची पोरं आत शिरली, पण स्टेजकडं गेली नाहीत, साहेबांकडंही नाही. ती रांगांमध्ये घुसली आणि त्या बारक्या पोरांना दंडाला धरून व्हरांड्याच्या सावलीत न्यायला लागली. पोरं आधी आपल्या बाईंकडं बघायची. त्या बाईंनी एकदा सचिवांकडं बघितलं आणि मग स्वतःच एका पोराचा हात धरून चालू लागल्या. थोड्या वेळात दोन्ही रांगा संपल्या. गेटापासून स्टेजपर्यंत नुसत्या पाकळ्या पडलेल्या, आणि व्हरांड्यात सगळी ओळीनं बसून ओंजळीनं पाणी पीत होती. मामा पेटी उघडून एकाच्या पायाचा फोड बघत बसले.

यानंतर साहेबांनी पुढं येऊन शाबासकी दिली, असं लिहायला मला आवडलं असतं. त्यांनी दिली नाही. ते सगळा वेळ बघत होते, मग स्टेजवर गेले, भाषण केलं आणि गाडीत बसून निघून गेले. गाडी वळली तसं सचिवांनी आम्हाला बाहेर काढलं आणि कुलूप घातलं. ते अजून तसंच आहे. मैदान गेलं ते गेलंच. पावसाळ्यात आम्ही एका मंगल कार्यालयाच्या पडवीत भरलो, नंतर एका बंद पडलेल्या डाळ मिलच्या आवारात, आता जागा मिळेल तिथं. पथक लहान आहे. मोडलेलं नाही.

सचिवांनी गावभर सांगितलं की ही बाई पोरं बिघडवते, मोठ्यांचं ऐकू नका म्हणून शिकवते. त्यावर मी कुठं खुलासा दिला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एक गृहस्थ माझ्या दारात आले, मुलाला मागं घेऊन. मुलगा त्या रांगेतला होता, मी चेहऱ्यावरून ओळखलं. गृहस्थ चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "म्याडम, सचिव म्हणतेत तुमी पोरं बिघडवता. हे खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हटलं. "यालाही बिघडवायचं असेल तर रविवारी सकाळी पाठवा. पाण्याची बाटली बरोबर द्या."