व्हायब्रेटरची रजा

पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि खेमराज कापगते जागेवरून उठून मांडवाचा एकेक खांब हलवून पाहू लागला. भटजींनी "सावधान" म्हणताच हा गरजला, "सपोर्ट कोनी काढू नका रे, माल ओला आहे!"

वऱ्हाडी हसले. नवरदेवाला वाटलं, इकडची काही रीत असेल. त्याने अदबीने मान डोलावली. हसली नाही ती एकटी धुरपताबाई, खेमराजची बायको. तिने नवऱ्याला दंडाला धरून खाली बसवलं आणि हळूच विचारलं, "अजी, तुमी कोठी आहा सद्या?"

"साईटवर," खेमराज म्हणाला. थट्टा नव्हती ती. समोर नवरी दिसत होती, पण त्याला मात्र स्लॅबची लोखंडी सळाख मोजायची राहिली असं वाटत होतं.

खेमराज हा गोंदियाच्या भैय्यालाल सेठचा सुपरवायझर. सेठ ठेकेदार. सुपरवायझर म्हणजे बांधकामावरचं असं पात्र, ज्याला प्रत्येक प्रवेशात हजर राहावं लागतं आणि टाळी एकदाही मिळत नाही. वरून सेठ ओरडतो, खालून मिस्त्री, बाजूने रेतीवाला. त्यात हा तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातला पोर. आजे-पणजे तलावाची पाळ बांधायचे, आणि पाणी ठरेपर्यंत पाळीवरून हलायचे नाहीत, असं घरात मोठ्या अभिमानाने सांगत. खेमराजने ते जरा जास्तच मनावर घेतलं. पण पणजोबांचा तलाव एकदा भरला की भरला. त्यांना मोबाईल नव्हता. खेमराजकडे दोन होते, आणि ते आळीपाळीने नव्हे, एकदम वाजत.

त्याचा एक शब्द साऱ्या जिल्ह्यात ठाऊक होता: "हो जायेगा." कधीकाळी त्या शब्दाला वजन होतं. बोलण्याआधी खेमराज आभाळ पाही, मजूर पाही, मनाशी जुळवाजुळव करी, आणि मग म्हणे, "हो जायेगा, सेठ." म्हटलं की झालंच. पण गेल्या दोन वर्षांत शब्द तोंडालाच चिकटला. घंटी वाजली की तो आपोआप बाहेर पडे. चुकून लागलेल्या फोनवर कुणी बाई गाय विकणार का विचारत होती, तिलाही त्याने "हो जायेगा" सांगितलं. न्हाव्याने विचारलं, "मिशी काढू का भाऊ?" तर त्यालाही तेच. आरशात पाहिल्यावर कळलं, पण तोवर मिशी खाली सांडली होती. घरी धुरपताबाईने वरण वाढलं की हा पळी बुडवून म्हणे, "माल पातळ आहे, सिमेंट वाढव." तीही कंटाळून म्हणायची, "उद्या वाढवतो जी."

पूर्वी खेमराज दर रविवारी घरी यायचा. मग एक आड एक रविवार. हल्ली लग्न असलं तरच.

सध्याचं काम सालेकशाकडच्या एका गावात होतं. सभागृह. छताचा स्लॅब नुकताच टाकला होता आणि त्याखाली लाकडी बल्ल्या-फळ्यांचा आधार उभा होता. यालाच सेंटरिंग म्हणतात. सिमेंट पक्कं होण्याआधी ती काढली तर छत खाली येतं, आणि छताखाली जे असेल ते त्याच्याखाली जातं. दुपारच्या उन्हात साईटवरच्या बाया त्याच सावलीत भाकरी खायला बसत.

सेठचा फोन आला. "खेमराज, नेताजी की तारीख मिल गई. इतवार को उद्घाटन. गुरुवार को सेंटरिंग खोल दो."

छत अजून कच्चं होतं. खेमराजला ते स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. तरी तोंड म्हणालं, "हो जायेगा, सेठ."

फोन खाली ठेवून त्याने स्वतःच्याच तोंडावर एक चापट मारली. दुधराम मिस्त्रीने पाहिलं. "काऊन जी भाऊ, का झालं?"

खेमराजने सांगितलं.

"मंग नाही म्हना ना!"

"म्हनून तं रायलो होतो बापा. निंगालाच नाही."

"कोनता शब्द नाही निंगाला?"

"नाही." खेमराज छतावर पाणी मारायचा पाईप हातात घेऊन मागच्या बाजूला गेला आणि सागाच्या झाडाला म्हणून पाहिलं, "नाही होत, सेठ." झाडासमोर जमलं. फोन हातात धरला की पुन्हा "हो"च निघे.

अशा हालतीत प्रेरणाचा फोन आला. प्रेरणा म्हणजे सेठची नवी सून, नागपूरची, मॅनेजमेंट शिकलेली. सासऱ्याने तिला हौसेने कंपनीतल्या माणसांचं खातं दिलं होतं. बांधकामावरची माणसं राबून राबून आतून संपून जातात हे तिने वाचलं होतं आणि ती ते मनापासून मानत होती. "काका, तुमच्या साईटवर कुणी बर्नआऊट झालंय का? मी उद्या येते बघायला," ती म्हणाली आणि जंगलाने नेटवर्क गिळलं.

खेमराजने आधी गोदामाचं दार लावून घेतलं. बर्न म्हणजे जळणं, एवढं इंग्रजी त्याला येत होतं. आणि साईटवर एक वस्तू खरंच जळाली होती. व्हायब्रेटर. ओल्या काँक्रीटमध्ये खुपसून आतली हवा काढायचं यंत्र. स्लॅब टाकताना त्याची मोटर धूर सोडून बंद पडली, आणि सेठ ओरडेल म्हणून खेमराजने ते गोदामात पोत्यांखाली लपवलं होतं. हे नागपूरच्या सुनेला कोणी सांगितलं? त्याचा संशय रुख्मावर. रुख्मा ही विटा वाहणारी बाई, आणि गावभर बातम्या वाहणारीही तीच.

"मी कायले सांगू?" रुख्मा म्हणाली. "मले का तिचा नंबर आहे?"

दुसऱ्या दिवशी प्रेरणा आली. खुर्ची मांडली, चहा आला. दुधराम आणि रुख्मा भिंतीआड कान देऊन उभे.

"काका, घाबरू नका. मी कुणाला दोष द्यायला नाही आले. खरं सांगा, झालंय ना बर्नआऊट?"

खेमराज मान खाली घालून म्हणाला, "झालं जी, मॅडम. स्लॅबच्या दिवशीच झालं."

"आधी काही लक्षणं?"

"लय दिवसापासून गरम होऊन रायलं होतं. थरथर तं नेहमीचीच."

"आणि तुम्ही विश्रांती नाही दिली?"

"आराम देला तं स्लॅब कसा होईल? सकाळी सुरू केलं का अंधार पडेवरी घुर्रघुर्र."

प्रेरणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चिडचिड वगैरे?"

"करंट मारते कवा कवा. स्लॅबच्या आधी आमच्या रुख्मालेच मारला."

"मारलं? मग तुम्ही काय केलं?"

"का करतो? लाथ घातली दोन, गुमान सुरू झालं."

"लाथ!" प्रेरणाने चहा खाली ठेवला. "आता कुठे आहेत ते?"

"गोदामात. पोत्याखाली दाबून ठेवलं."

"श्वास...?"

"धूर निंगाला तेवढा. मी म्हनतो रिवाइंडिंग करून घेऊ, पन सेठ म्हनतील, जुनं झालं, भंगारात टाका."

प्रेरणाने तिथल्या तिथे सासऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "पप्पाजी, इथे एकाची अवस्था भयंकर आहे. दिवसभर राबवतात, लाथा मारतात, गोदामात कोंडतात. त्यांना ताबडतोब पंधरा दिवसांची पगारी रजा पाहिजे."

सेठच्या डोळ्यांपुढे पोलीस आणि पेपरवाले दोन्ही उभे राहिले असावेत. "दे दो बेटा, अभी के अभी दे दो! नाम क्या है उसका?"

प्रेरणाने खेमराजकडे पाहिलं. "नाव काय त्यांचं?"

"नाव?" खेमराज गोंधळला. "व्हायब्रेटर."

"हां हां," फोनमधून आवाज आला, "व्हायब्रेटर को छुट्टी!"

भिंतीआडून रुख्माचं हसू फुटलं. पोट धरून ती खाली बसली. "अगे माय! मशीनले सुट्टी भेटली, अना मानूस तसाच उभा हाय!"

प्रेरणा हसली नाही. तिने पहिल्यांदाच खेमराजकडे नीट पाहिलं. तांबारलेले डोळे, कोरडे ओठ, मिशीच्या जागी मिशीची आठवण. "काका," ती म्हणाली, "तुम्ही झोपला कधी होतात?"

खेमराज आठवू लागला आणि त्याला आठवेना. तेवढ्यात स्पीकरवर सेठ पुन्हा बोलला, "खेमराज! गुरुवार का पक्का ना? सेंटरिंग?"

तोंड सवयीने उघडलं. "हो..." इतकं बाहेरही पडलं. समोर कच्च्या छताखाली बाया डबे उघडत होत्या. हसून थकलेली रुख्मा पदराने डोळे पुसत तिकडेच निघाली होती.

"होत नाही, सेठ. नाही होत."

फोनमधून प्रश्न आला, "कौन बोल रहा है?"

"खेमराज."

"मजाक मत करो भाई. खेमराज को फोन दो."

"मीच आहो, सेठ."

सेठने फोन कापला, पुन्हा लावला, दुधरामला लावला, आणि शेवटी हा खेमराजच्या आवाजात बोलणारा कोण, हे पाहायला स्वतः गाडी काढून आला. पांढरेशुभ्र कपडे, भुवया कपाळावर. "खोलना पड़ेगा! नेताजी को क्या बताऊँ?"

खेमराजचा आवाज चढला नाही. "खोलतो, सेठ. पन तुमी पयले छताखाली उभे राहा, मंग मी पयली बल्ली काढतो."

सेठने छताकडे पाहिलं, बल्ल्यांकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं, तर ती फोनचा कॅमेरा रोखून उभी. "रहने दो," तो म्हणाला. "धूल बहुत है."

उद्घाटन बाहेरच्या मांडवात झालं. नेताजींनी दोन बल्ल्यांना बांधलेली फीत कापली आणि आतमध्ये न डोकावता सभागृहाची भव्यता वाखाणली. प्रेरणाने सासऱ्याकडून लिहून घेतलं की रविवारी सुपरवायझरला फोन करायचा नाही, आणि साईटवर दुसरा माणूस येईल. आणि व्हायब्रेटरची मंजूर रजा खेमराजच्या नावावर वळवली.

खेमराजने व्हायब्रेटर गोंदियाला रिवाइंडिंगला, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळायला टाकलं आणि घरी जायला अर्जुनीची गाडी धरली. खिडकीला डोकं टेकलं तसा तो झोपला. अर्जुनी आली, गेली. उठला तेव्हा नाटकमंडळ्यांचं गाव वडसा. फलाटाबाहेरच्या भिंतीवर नाटकांची पोस्टरं एकावर एक, लाल-पिवळी, राजांच्या मिशा हातभर. खेमराज कितीतरी वेळ त्या मिशांकडे पाहत उभा राहिला. मग बंद ठेवलेला एक फोन सुरू करून त्याने धुरपताबाईला सांगितलं, "झोपीत वडशाले आलो."

"मंग या वापस! भात टाकला आहे."

"तूच ये. रातच्याले नाटक आहे इथं."

"म्हशी कोन पाहील जी? डोकं फिरलं का तुमचं?" ती बरंच बोलली. बोलता बोलता तिने भात उतरवला, शेजारणीला म्हशींचं सांगितलं आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.