मशीनसाठी बसलेला दिवस

बसले की माझ्या छातीत ठोका चुकायचा. एक ठोका घाईने यायचा, मग क्षणभर काहीच नाही, मग एकदम धाडकन. कापूस वेचायला लागले की थांबायचं. हे मी सरळ मनाने सासरी सांगून बसले, तीच माझी चूक. सासूबाईंनी त्यातूनच औषध काढलं. "बसलं की व्हतंय ना? मग बसूच नको की. ऊठ, कामाला लाग." नवऱ्याला ते इतकं पटलं की पाहुण्यारावळ्यांत सांगत सुटायचा, "हिचं दुखणं लय अजब हाय, काम केलं की बरं व्हतंय." सगळे हसायचे. मीही हसायचे, त्याचा आजही संताप येतो.

नऊ वर्षं मी उठत राहिले. जेवताना ठोका चुकला तरी ताट सारून उठायचं. मग एका वेचणीत अर्धी ओळ संपायच्या आत धाप लागायला लागली, पाय सुजले, तेव्हा कुठे परभणीला नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीसारखी तपासणी केली आणि म्हणाले, हृदय सैल पडलंय, रक्त नीट ढकलत नाही. ठोके मोजायला एका दिवसासाठी छातीला मशीन लावलं. रोजची कामं करा, फक्त भिजू देऊ नका, असं बजावलं.

घरी आल्यावर काय ती धांदल! "मशीन दवाखान्याचं हाय, खराब झालं तर?" म्हणत सासूबाईंनी मला बाजेवर बसवलं. भाकरी त्यांनी थापल्या. पाणी नवऱ्याने भरलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी दिवसभर बसले, तेही मशीनच्या काळजीपोटी. दुसऱ्या दिवशी ते परत देऊन आलो, तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "दिलं ना मशीन? मग धुणं पडलंय."

रिपोर्टात जवळजवळ दर तिसरा ठोका जादा निघाला. डॉक्टरांनी समजावलं, जादा ठोका वेळेआधी येतो, तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, तो फुकट जातो. वर्षानुवर्षं असं चाललं की स्नायू थकतो. कामात ठोके दबत होते, आजार तसाच वाढत होता. मांडीच्या शिरेतून तार नेऊन जादा ठोके जिथून उठतात ती जागा जाळता येते, मग हृदय सावरू शकतं, पण आता उशीर नको.

नवरा म्हणाला, "वेचणी उरकू द्या, साहेब. तवर कामात ऱ्हाईली की तिला तरास न्हाई व्हत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, मग तवर ते मशीन परत लावा मला," मी म्हणाले. "ते अंगावर असलं की घरात बसायला मिळतंय."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "सोमवारी भरती होता?"

"व्हते," मी म्हणाले. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.